गुडघ्याच्या मालकीचा दाखला

मंगळवारी सकाळी दिगंबर होनरावांना त्यांच्याच प्रतिकारशक्तीने लेखी कळवलं, की डावा गुडघा त्यांचाच असल्याचा पुरावा शनिवारपर्यंत सादर न झाल्यास तो परका समजून पाडण्यात येईल.

नोटीस पोटावर, पुरळाच्या सरळ ओळींत उमटली होती. वरून वाचणाऱ्याची सोय बघून ती उलट्या बाजूने लिहिली होती, आणि पोट चांगलं ऐसपैस असल्यामुळे मजकूर एका पानात मावला. होनरावांनी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून एकतीस वर्षं काढली होती. समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाला हयातीचा दाखला आणायला परत पाठवणारे ते. मसुद्यात खोट काढायला त्यांनी चष्मा लावला, पण खोट काही सापडेना. त्यांना भीती वाटली आणि थोडं कौतुकही वाटलं.

"कुणाची नोटीस?" इंदुमतीबाईंनी चहाचा कप ठेवत विचारलं.

"माझीच," होनराव म्हणाले. "म्हणजे, मलाच."

गाठायचा होता तो रविवार. तालुका कबड्डी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता आणि व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या. सत्काराचं कारण म्हणजे डाव्या गुडघ्यावरचा व्रण. वयाच्या अठराव्या वर्षी, अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईत तिघांना बाद करून रेषेकडे झेप घेताना तो झाला, असं ते एक्केचाळीस वर्षं सांगत आले होते. दर वर्षी मंडळाच्या पोरांसमोर ते पँट गुडघ्यापर्यंत वर घेत आणि पोरं आदराने वाकून बघत. आता तो गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मारक पेशींची एक तुकडी तिथे येऊन आधीच मुक्काम ठोकून बसली होती.

डाव्या पायाची सगळी कामं डाव्या जांघेतल्या लसिकाग्रंथीत चालतात. होनराव दार लावून खुर्चीत बसले. जांघेशी बोलायचं तर मान खाली घालावी लागते. मान खाली घालून अर्ज करायची त्यांना सवय नव्हती. लोक त्यांच्यासमोर घालत, ती गोष्ट निराळी.

आपलं कोण आणि परकं कोण, हे ठरवण्याचं काम टी-पेशीकडे होतं. तिने नमस्कार घेतला नाही.

"बाई, जन्मापासूनचा गुडघा आहे हो माझा," होनराव म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात. कालपरवा एक जंतूही तेच म्हणत होता."

"मग तुम्हाला आपलं-परकं जिथे शिकवलं तिथे विचारा की. छातीत थायमस ग्रंथी आहे ना तुमची, शाळा?"

"ती शाळा तुमच्या तरुणपणापासूनच बंद पडत आली. आता तिथे चरबी राहते. तुम्हीच तिला जागा दिलीत."

होनरावांनी पोट आत ओढून घेतलं.

"गुडघ्यावर जुना व्रण आहे," टी-पेशी म्हणाली. "त्याची हकिकत सांगा. आमच्या स्मृतिपेशींकडे त्या दिवसाची नोंद आहे. दोन्ही जुळलं तर गुडघा तुमचा. शिवाय जखम डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार लागेल."

होनरावांना एकदम हायसं वाटलं. ही हकिकत तर तोंडपाठ. चढाई, तिघे बाद, झेप, पंचांची शिट्टी, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. शिट्टी तर वाजवूनही दाखवली. आत बराच वेळ कागद चाळल्यासारखी सळसळ झाली. मग गुडघ्यातून अशी कळ निघाली की त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"जुळत नाही," टी-पेशी म्हणाली. "मैदानाची माती मिळालेली नाही. जखमेत शेण होतं, निवडुंगाचा काटा होता आणि शेळीचा एक केस."

"नोंद चुकली असेल."

"नोंद चुकत नाही, माणूस चुकतो. हे वाक्य तुमचंच आहे, होनराव. एकतीस वर्षं आम्ही ते आतून ऐकलंय."

होनराव लंगडत स्वयंपाकघरात गेले. इंदुमतीबाई मेथी निवडत होत्या. गुडघा वाचवायचा तर व्रणाची कीर्ती जाणार, आणि कीर्ती राखायची तर ती दाखवायला गुडघाच उरणार नाही. असल्या कोंडीत त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांना पकडलं होतं.

"इंदू," ते म्हणाले, "ती कबड्डी नव्हती. तुमच्या गावी सामना होता, पण मी राखीव होतो. मला लिंबं आणायला पाठवलं होतं. वाटेत शेळी मागे लागली आणि एका गोठ्याशी निवडुंगात पडलो."

"माहितीये. आमचीच होती."

होनराव स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मी गोठ्यातच होते. हळद कुणी आणून दिली तुम्हाला? तुम्ही वर बघितलं असेल तर ना."

"आणि छत्तीस वर्षं माझी चढाई ऐकत बसलीस?"

"रंगवून सांगता हो छान. आणि पळणारा माणूस मला बरा वाटला होता. उगाच कुणाच्या अंगावर जात नाही." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आणा तो गुडघा इकडे."

होनरावांना लाज वाटली, हसू आलं, आणि बायकोबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे पुसावे लागले. त्यांनी आपली हकिकत मान खाली घालून नव्याने सांगितली. साक्षीदाराचा जबाब मात्र स्वतंत्र आणि गुप्त असतो. इंदुमतीबाईंनी गुडघ्यावर तळहात ठेवला आणि काय सांगायचं ते कातडीतूनच सांगितलं. त्यातलं होनरावांना काहीही ऐकू आलं नाही.

शनिवारी पोटावर आदेश उमटला. गुडघा स्वकीय. नोंदीविरुद्ध कुठेही बोलल्यास मान्यता आपोआप रद्द. दुपारपर्यंत मारक पेशींनी मुक्काम हलवला आणि सूज उतरली.

रविवारी होनराव पाच पायऱ्या न थांबता चढले. अध्यक्षांनी नारळ दिला, शाल दिली आणि ती चढाई स्वतःच्या तोंडून सांगण्याची विनंती केली. त्यांनी पँट वर घेतली. पोरं पुढे सरकली.

"ती चढाई नव्हती," होनराव म्हणाले. "ती शेळी होती."

मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता त्यांना सोसवेना.

"मोठी," त्यांनी दोन्ही हात पसरले. "एवढाली शिंगं!"

गुडघ्यातून कळ निघाली आणि ते व्यासपीठावर एका बाजूला कलले. पहिल्या रांगेत इंदुमतीबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"करडू होतं," त्या म्हणाल्या. "महिन्याचं."

"करडू होतं," होनराव माइकमध्ये म्हणाले. "महिन्याचं."

कळ थांबली. ते सरळ झाले आणि त्यांनी पोरांकडे बघितलं.

"पण चपळ होतं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी खाली बघितलं.

गुडघ्याने हरकत घेतली नाही.