भेटीची वेळ चार ते सहा

शेवंता आत्याला देवळात फारसं कोणी पाहिलेलं नाही. दुपारचं जेवण झालं की ती पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचा पुडा टाकते आणि अकोल्यातल्या कुठल्यातरी दवाखान्यात पेशंटला भेटायला जाते. पेशंट ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. "ओयखीच्याले तं कोणीही भेटते," असं तिचं म्हणणं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. जठारपेठेत एका खोलीत एकटी राहते, सकाळी हार-गजरे विकते. पण घरात फुलांचा ढीग असूनही पेशंटसाठी तिने कधी फूल नेलं नाही. "फुलं एक तं देवाले, नाही तं मेलेल्याले. पेशंट घाबरते ना बाप्पा." बिस्किटाचा पुडा ती पलंगाशेजारच्या लॉकरवर उभा ठेवते, नाव बाहेरच्या बाजूला. पेशंटने लगेच फोडायला घेतला तर हातावर चापट बसते. "राहू दे. दिसला पाह्यजे."

भेटल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "रंग सुधरला आता." हे तिने कावीळ झालेल्यालाही सांगितलं आहे. एकदा पलंगावर टेकलेल्या, पेशंटच्या धडधाकट जावयालाच तिने पेशंट समजून असा काही धीर दिला, की तो दुसऱ्या दिवशी खरोखरच तपासून घ्यायला आला.

अशा जाणकार बाईच्या खोलीवर मी नोकरी शोधायला उतरले. त्या वर्षांत कापसावर कोणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून बाळापूरकडच्या आमच्या गावात घरोघरी एक तरी पोरगी नर्सिंगला घातली जात होती. मी केलेलं जीएनएम म्हणजे नर्सिंगची डिग्री नाही, डिप्लोमा. पण आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबांनी गावात मला डॉक्टरच्या जरा खाली आणि तलाठ्याच्या बरंच वर नेऊन ठेवलं होतं. दवाखानेवाल्यांना हे कोणी कळवलेलं नव्हतं.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "अनुभव?"

"सर, आत्ताच पास झाले."

"मग अनुभव घेऊन या."

कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी बी.एस्सी. हवी होती. तिसऱ्या ठिकाणी डिप्लोमाही जास्त होत होता. तिथल्या मॅडमनी प्रेमाने समजावलं, की त्यांच्या सगळ्या सिस्टर बारावी पास आहेत, पेशंटला काही फरक पडत नाही, आणि शिकलेल्या मुली प्रश्न फार विचारतात. चौथ्या ठिकाणी मला ताबडतोब घेणार होते. सकाळी रिसेप्शन, दुपारी ड्रेसिंग, आणि मधल्या वेळात डॉक्टरांच्या मुलाला शाळेतून आणणं. पगाराचं नंतर पाहू, आधी शिकून घ्या, असंही म्हणाले. मूल आणण्यात काय शिकायचं असतं, हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी "विचार करून सांगते" म्हणाले, कारण मला तसंच बोलता येतं.

या सगळ्या मुलाखतींना आत्या सोबत होती. मी आत उत्तरं देत असायची तोवर ती वॉर्डात दोन-चार पेशंटचा रंग सुधरवून यायची. एका ठिकाणी तर माझी मुलाखत चालू असताना वॉचमनने तिला दंडाला धरून केबिनसमोरूनच नेलं. "ह्या बाई तुमच्या सोबत आहेत का?" असं डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले. तीही नोकरी गेली.

"आत्या, तू घरी राहत जा ना," एकदा मी भीत भीत म्हणाले.

"कावून? मी का तुये पेपर खाऊन राहिली का?"

मग अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथे नवीन मुली घेतात, असं माझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं. अकोल्यात आता विचारायला दवाखाना उरला नव्हता. ही नोकरी नाही मिळाली तर मी गावी परत जाणार आणि बाबांसोबत बाजारात मेथी विकणार, हे मला पक्कं कळत होतं. बसमध्ये आत्याला मी शपथ घ्यायला लावली, की ती बाहेरच्या बाकावरून हलणार नाही. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि पिशवी मांडीवर नीट ठेवली. पिशवीत पुडा होता.

मेट्रन बाई बुटक्या आणि कडक होत्या. त्यांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. "सुई सगळ्यांनाच टोचता येते. नातेवाईक बाहेर काढता येतात का?"

कॉलेजात हा विषय नव्हता.

पण आमच्या भागात पेशंट एकटा दवाखान्यात येत नाही. अर्धं गाव येतं, डबे येतात, सतरंज्या येतात, कोणीतरी पलंगाखाली झोपतं. मेट्रन बाईंनी मला पुरुषांच्या वॉर्डाशी नेलं. साडेसहा वाजून गेले होते. "भेटीची वेळ संपली. वॉर्ड रिकामा करून दाखव. झाला, तर उद्यापासून ये."

मी हात जोडत, विनवण्या करत निघाले. लोक चांगले होते. माझा रडवेला चेहरा पाहूनच निम्मे उठले असावेत. शेवटी खिडकीजवळच्या पलंगाशी एकच बाई उरली. फवारणी करताना चक्कर येऊन पडलेला एक माणूस तिथे होता, त्याच्याजवळ घरचं कोणी नव्हतं. बाई त्याला चमच्याने पाणी पाजत होती. लॉकरवर पुडा उभा होता, नाव बाहेरच्या बाजूला.

"ही अर्ध्या तासापासून कोणाचं ऐकत नाही," दारातून मेट्रन बाई म्हणाल्या. "वॉचमन थकला."

मी पलंगाजवळ गेले. दवाखान्यात कुठल्याही बाईला म्हणतात, तसंच मी म्हणाले, "मावशी, वेळ संपली. बाहेर चला."

आत्याने वर पाहिलं. आता ती "कावं पोट्टे" म्हणून सुरू होणार आणि सगळं संपणार, याची मला खात्री होती. जन्मापासून तिने मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही.

तिने चमचा खाली ठेवला. पदर सावरला.

"हो सिस्टर," ती म्हणाली. "जातो."

आणि गेली. दारात वॉचमनला मात्र तिने ऐकवलंच, "कडक हाये बाप्पा नवीन सिस्टर. तुमच्यासारखी नाही."

परतीच्या बसमध्ये आत्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, रागावली.

"आत्या, मी तुला बाहेर काढलं."

"बरं काढलं. त्या माणसाले पाणी पाजलं का मंग मागून?"

"पाजलं."

"मंग झालं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "माह्या पोटाचं ऑपरेशन झालं ना, तवा चार वाजले की सगळ्यांपाशी मानसं. म्या वॉचमनकून पुडा आनवला अन् ठेवला समोर. बाजूच्या बाईले वाटलं पाह्यजे ना, इच्याकडे बी कोनी येऊन गेलं."

"आम्हाला का नाही कळवलं?"

"पेरनी होती. पेरनी सोडून कोन येते?" मग ती माझ्याकडे वळली. "तुयी नोकरी तं लागली. आता लोकाईले जरा मोठ्या आवाजात हाकलत जाय. लय पुयपुयीत बोलतं तू."

मी आता अमरावतीला राहते. वॉर्डातले नातेवाईक अजूनही मला फारसे घाबरत नाहीत. सुट्टी मिळाली की अकोल्याची बस धरते आणि चारच्या सुमाराला जठारपेठेत पोचते. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटेत एक बिस्किटाचा पुडा घेतला होता.

"मी का पेशंट हावो?" आत्या भडकली. "इतका पैसा वर आला का तुयाकडे?"

मी तिच्या फळीवर कोपऱ्यात पुडा ठेवला आणि म्हणाले, "रंग सुधरला आता."

पुढच्या सुट्टीला गेले, तर तो तिथेच होता. फोडलेला नव्हता. फक्त फळीच्या आतल्या कोपऱ्यातून काढून आत्याने तो दारासमोरच्या कडेला उभा केला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.