आजींनी दोन घेतले

स्टुडिओला कुलूप लागल्यापासून फोटोवाले घरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून होते. स्टुडिओ बंद पाडायला कुणी वैरी लागला नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माणसं घरच्याच भिंतीपुढे उभी राहून एकमेकांना टिपायला लागली, एवढंच. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "जरा हसा, दात नकोत, नुसतं हसा" असं सांगणारा हा माणूस स्वतः हसायचा थांबला. हळूहळू बोलणंही आटलं. शेवटी एकच शब्द उरला.

"जेवायला वाढू?"

"बघू."

"आज दाढी करताय ना?"

"बघू."

बघू म्हणजे नाही, हे त्यांच्या बायकोला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, त्यामुळे शब्दाबद्दल तिची तक्रार नव्हती. पण पूर्वी त्या शब्दामागे नवरा असायचा. चिडायचा, टोमणे मारायचा, कधी स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचा. आता तो माणूस कुठे गेला, आणि परत येणार की नाही, या काळजीने ती आतून पोखरून निघाली होती. ती घरीच लोकांचे कपडे उसवून बेताचे करून द्यायची. शिवता शिवता खुर्चीकडे बघायची आणि टाका चुकायची.

डॉक्टर म्हणाले, "यांना बाहेर काढा. हवापालट करा." हवापालटाची गोळी मिळत असती तर तिने ती आमटीतून घातली असती. थंड हवेच्या ठिकाणी जायची ऐपत नव्हती. अशात एक दिवस दाराच्या फटीतून एक गुळगुळीत कागद आत आला. 'स्वप्नातलं घर बघायला या! दर रविवारी वातानुकूलित बस, चहा आणि नाश्ता मोफत.' बायकोने तो दोनदा वाचला. 'बघायला या' असं स्वच्छ छापलं होतं. 'घ्यायला या' असं कुठेही छापलेलं नव्हतं.

"अहो, रविवारी फिरायला जायचं."

"बघू."

"आईंना न्यायचंय. त्यांना बसमध्ये कोण चढवणार? मी?"

फोटोवाल्यांच्या आईंना, म्हणजे सगळ्यांच्या आजींना, कमी ऐकू यायचं. कानाचं मशीन होतं, पण सेल संपू नये म्हणून त्या ते बंद ठेवायच्या आणि काही महत्त्वाचं चाललंय असं वाटलं तरच चालू करायच्या. फिरायला जायचंय हे कळल्यावर त्या तयार होऊन दारात बसल्या, त्या दिवशी शुक्रवार होता.

बस खरोखरच थंडगार होती. शहर मागे पडलं, शेतं लागली, एक पूल लागला. आजी काचेला नाक लावून बसल्या होत्या. साइटवर गेल्यावर टाय लावलेला एक तरतरीत तरुण पुढे आला. कंपनीत त्याला सगळे टायवालाच म्हणायचे. त्याने सगळ्यांना नमुन्याचा फ्लॅट दाखवला. बायकोला कुणाच्या तरी नीटनेटक्या घरात पाहुणी आल्यासारखं वाटलं, शिवाय यजमान नव्हते, हे उत्तमच. आजी गच्चीत खुर्ची टाकून वारा खात बसल्या.

"सर, कसा वाटला फ्लॅट?" टायवाल्याने फोटोवाल्यांना विचारलं.

"बघू."

टायवाला जरा दचकला. बाकीचे लोक 'वा वा' करत होते. हा माणूस मात्र तोंडावरची सुरकुतीही न हलवता भिंतीकडे बघत उभा होता. गिऱ्हाईक मुरलेलं आहे, असं त्याच्या मनाने घेतलं.

"सर, पार्किंग आमच्याकडून."

"बघू."

"सगळ्या खोल्यांना पंखे देतो सर. हे मी फक्त तुम्हालाच सांगतोय."

फोटोवाले खरं तर भिंतीवरच्या तसबिरीतल्या कुटुंबाकडे बघत होते. फोटोतल्या बाईवर उजेड चुकीच्या बाजूने पडला होता, त्याचा त्यांना त्रास होत होता. टायवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि स्वयंपाकघरातली कपाटंही देऊन टाकली.

घरी आल्यावर बायकोला भीती वाटली. "अहो, आपण फसवतोय का हो त्यांना?"

"मी काय बोललो?" फोटोवाले म्हणाले. कितीतरी दिवसांनी बायकोने त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच दुधाचं भांडं दोनदा पुसलं. पुढच्या रविवारी जायचंच, हे तिने तिथेच ठरवलं.

पुढच्या रविवारी ती दुसऱ्या कुठल्या कंपनीची बस शोधणार होती, म्हणजे लाज राहिली असती. पण शनिवारीच टायवाल्याचा फोन. "मॅडम, सरांसाठी पुढची सीट राखून ठेवली आहे." आता राखून ठेवलेल्या सीटला नाही कसं म्हणणार? मग त्याच्या पुढचा रविवार आला, मग आणखी एक. आजींचं बसच्या ड्रायव्हरशी सूत जमलं. फोटोवाले खिडकीतून बाहेर बघायला लागले. एकदा तर पुलावर "ते बघ, बगळे" असंही म्हणाले. ते बगळे नव्हते, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, पण बायकोने तसं सांगितलं नाही.

घोळ दुसरीकडेच व्हायला लागला होता. बसमध्ये निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको यायचे. त्यांना खरंच घर घ्यायचं होतं. आयुष्यभर वर्गावर नजर ठेवलेल्या हेडमास्तरांच्या लक्षात आलं, की पुढच्या सीटवरचे ते गृहस्थ एक शब्द बोलतात आणि पंखे पदरात पाडून घेतात. त्यांनी टायवाल्याला सांगितलं, "बघू." पार्किंग मिळालं. त्यांनी हे मागच्या सीटवर सांगितलं. तिसऱ्या रविवारी परत येताना अख्खी बस बघू म्हणत होती. लोकांना कपाटं मिळाली, गिझर मिळाले, फ्लॅट मात्र एकही विकला गेला नाही.

ही बातमी कंपनीच्या मालकांपर्यंत गेली. चौथ्या रविवारी मालक स्वतः साइटवर हजर. त्यांनी टायवाल्याला बाजूला घेतलं. "आज बुकिंग झालं नाही तर तू उद्यापासून तुझा टाय घरीच लाव."

त्या दिवशी मालकांनी माणसांचं मन मऊ करायला चहाबरोबर केक ठेवला होता. मोठा, चौकोनी, वड्या पाडलेला. आजी ताटली घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. बाजूच्याच टेबलावर इमारतीचा छोटा नमुना मांडला होता, पण आजींना त्यात रस नव्हता. मशीन अर्थात बंद होतं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून त्या बोलणं जुळवायच्या, आणि जमेल तेवढंच जुळायचं. टायवाल्याला वाटलं, मुलगा ऐकत नाही, निदान म्हातारीला विचारून बघू.

"आजी, मग घ्यायचा ना?"

"घ्यायचा की," आजी म्हणाल्या. "छान दिसतोय. एकाने काय होतंय? दोन घेते."

टायवाल्याने खिशातून पेन काढलं. "दोन?"

"एक माझा, एक मुलाचा. सून नाही म्हणते नेहमी. तिचं नंतर बघू."

"कोणता देऊ, आजी?" त्याचा आवाज चिरकला होता.

"तो कोपऱ्यातला द्या. कोपऱ्यातला मोठा असतो. आणि दुसरा त्याच्या शेजारचा. उगाच लांब कशाला?"

टायवाला धावत सुटला. कंपनीत फ्लॅट विकला गेला की भिंतीवरची पितळी घंटा वाजवायची पद्धत होती. तिचा दांडा जाम झाला होता, म्हणून त्याने ती चमच्याने बडवली. "आजींनी दोन घेतले! कोपऱ्यातला आणि शेजारचा!" आजींच्या ताटलीत कुणीतरी खरोखरच केकचे दोन तुकडे ठेवले, त्यामुळे त्यांना सगळं यथासांग चाललंय असंच वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवणाऱ्यांना मान हलवून आशीर्वादही दिले.

हेडमास्तरांच्या हातून चहा सांडला. "अगं, ज्या माणसाला चार रविवार काही पसंत पडत नव्हतं, त्याच्या आईने दोन घेतले! आतली काहीतरी बातमी असणार."

"मग तुम्ही कसली वाट बघताय?" त्यांची बायको म्हणाली. "पळा!"

हेडमास्तर पळाले. ते पळाले म्हणून मागच्या सीटवरचे दंतवैद्य पळाले. दंतवैद्य पळाले म्हणून सगळेच पळाले. घंटा इतकी वाजली, की साइटवरचे मजूर जेवणाची सुट्टी झाली समजून खाली उतरले.

फोटोवाल्यांच्या बायकोला हे कळलं तेव्हा ती नमुन्याच्या फ्लॅटमधला पडदा शिलाई बघण्यासाठी उलटा करून बघत होती. ती पडदा सोडून धावली. ती पोचताच मालकांनी तिघांना हार घालून आपल्या काचेच्या केबिनमध्ये नेलं. बायकोला सगळ्यात जास्त भीती पोलिसांची नव्हती. आता रविवार गेले, याची होती. हा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि या वेळी पुन्हा उठणार नाही, असं तिला स्पष्ट दिसत होतं. पण खोटं किती ओढायचं?

"साहेब," ती म्हणाली, "आम्हाला घर नकोय."

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे ते दोन नकोत?"

"कुठलाच मजला नको. आम्ही फिरायला येतो. बसमध्ये बसायला. यांचा स्टुडिओ बंद पडलाय, हे घरात बसून बसून... डॉक्टर म्हणाले हवापालट करा. आम्हाला दुसरीकडे कुठे जाणं परवडत नाही. आणि सासूबाईंनी घेतले ते केकचे तुकडे होते."

टायवाला खुर्चीत बसला. ती खुर्ची मालकांची होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मालकांच्याही नाही. मालकांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

आजींना वाटलं, काहीतरी महत्त्वाचं चाललंय. त्यांनी मशीन चालू केलं. "काय झालं? केक संपला का?"

आणि फोटोवाले हसले. आधी नाकातून नुसती हवा आली, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी टेबलाला धरलं. "कोपऱ्यातला मोठा असतो," ते कसेबसे म्हणाले आणि पुन्हा खोकला येईपर्यंत हसले. गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या मालकांच्या नकाशांवर पडत होत्या. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. हाच तो माणूस. हाच.

"हसताय काय?" मालक ओरडले. "बाहेर सांगितलं तर सगळे बुकिंग रद्द करतील!"

"साहेब, घरं चांगलीच आहेत की," फोटोवाले डोळे पुसत म्हणाले. "मी वाईट कुठे म्हणालो? त्या मास्तरांना घर हवंच होतं. त्यांना कुणीतरी ढकलायचंच बाकी होतं."

काचेपलीकडे हेडमास्तर उभे होते. केबिनमधलं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र होतं: मालक लाल झालेले, टायवाला मान खाली घालून बसलेला आणि फोटोवाले पोट धरून हसताहेत. "बघा, कसा पिळून काढला मालकाला," ते रांगेला म्हणाले. रांगेतली जी दोन-तीन माणसं अजून विचारात होती, त्यांनीही लगबगीने पेन मागितलं. घंटा पुन्हा वाजली. मालकांनी बाहेर बघितलं, मग फोटोवाल्यांकडे बघितलं, आणि त्यांचा रंग हळूहळू मूळ पदावर आला.

"ते दोन फ्लॅट माझ्या मेहुण्याच्या नावावर टाकतो," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही तेवढे येत राहा."

"नाही जमणार," फोटोवाले म्हणाले.

बायकोने गळ्यातला हार मुठीत धरला.

"पुढच्या रविवारी त्या समोरच्या कंपनीकडे जातो म्हणतोय." त्यांनी खिडकीबाहेरच्या भल्यामोठ्या फलकाकडे बोट दाखवलं. "ते लोक तळ्याकाठी बांधतायत. मला जरा पाणी बघायचंय."

"आपल्याकडे चोवीस तास आहे सर!" टायवाला सवयीने ओरडला.

"नळाचं नाही हो. उघडं. काठावर बसायचं असतं ते."

समोरच्या कंपनीचं नाव ऐकून मालक उठून उभे राहिले. हा माणूस तिकडे गेला तर हेडमास्तर तिकडे जाणार, हेडमास्तर गेले की दंतवैद्य, मग अख्खी बस. "तिकडे नका जाऊ," ते म्हणाले. "मी बस देतो. धरणावर जा, नदीवर जा, कुठेही जा. फक्त तिकडे नको. चहा देतो, नाश्ता देतो. केक देतो."

"सगळ्यांना?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"सगळ्यांना!"

"मग सकाळी लवकर निघू. नदीवर उजेड लवकर चढतो, नंतर मजा नाही." ते बायकोकडे वळले. "तू ती हिरवी साडी नेस. आणि आईला सांग, शुक्रवारी तयार होऊन बसू नकोस म्हणावं."

परतीच्या बसमध्ये फोटोवाले पुढच्या सीटवर ड्रायव्हरला नदीचा रस्ता विचारत होते. मोठमोठ्याने, हातवारे करत, मध्येच त्यालाच चुकीचं ठरवत. बायको मागे खिडकीशी बसली होती. तिने खूप आवरलं, पण तिला इतका आनंद झाला होता, की तो आवरण्यासारखा नव्हता. ती तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली.

शेजारच्या सीटवरच्या हेडमास्तरांच्या बायकोने हे बघितलं. तिने मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका हो," ती म्हणाली. "दोन-दोन घरांची झाडलोट म्हणजे जिवावर येणारच. एक भाड्याने देऊन टाका."