चार माणसांची लिफ्ट

शुक्रवार पेठेतल्या त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘लिमिट : चार व्यक्ती’ अशी पाटी होती आणि करकंबहून आलेल्या वरपक्षात माणसे सहा होती. साडेचारला राहुकाळ लागणार होता. त्याआधी चौथ्या मजल्यावर युवराजच्या लग्नाची सुपारी फुटायलाच हवी होती. सव्वाचार वाजले होते.

सहाही जण आत शिरताच लिफ्ट केकाटू लागली.

“आप्पा, लिमिट चारची हाय,” युवराज हळूच वडिलांना म्हणाला. चिंचोळी एमआयडीसीत क्रेन चालवणाऱ्या त्या अबोल तरुणाला ‘लिमिट’ हा एकच शब्द ठामपणे उच्चारता येत असे.

“उसाच्या ट्रॉलीला बी लिमिट असती की. कोण पाळतंय?”

“ती लिमिट जाड मानसांची,” दार व्यापून उभ्या असलेल्या विजयमालाआत्या म्हणाल्या. “आपण वाळकीच हाव.”

“मग जिन्यानं जाऊ,” युवराज म्हणाला.

“वरपक्ष जिना चढनार? मान हाय का न्हाय?”

अखेर दोघांनी उतरायचे ठरले. “मी उतरते.” “छे, तुमी थोरल्या, मी उतरतो.” “घरच्या जावयानं उतरायचं? मग आमी कशाला हाव?” आग्रह असा अनावर झाला की पाचही जण एकदम बाहेर पडले. दार लागले आणि कोपऱ्यातला युवराज एकटाच वर गेला.

वर वधूपक्ष ताट घेऊन उभा होता.

“बाकीची मंडळी?” नवरीच्या, उत्कर्षाच्या वडिलांनी, उदयसिंहांनी विचारले.

“खाली. मान राखत्यात.”

“मग आपणच घेऊन येऊ.” उत्कर्षासकट आठ माणसे लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट केकाटली. “मी उतरतो.” “छे, तुमी यजमान!”

उत्कर्षा बाहेर आली आणि तिने ताटातली सुपारी आणि अडकित्ता उचलला. “किती मिनिटं राहिली?”

“पाच,” युवराज म्हणाला.

“माझी लिमिट संपली आता. चला.”

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर दोघे बसले. भिंतीवरच्या जाळीतून उन्हाचे उदास चौकोन त्यांच्या पायांशी पडले होते. वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय आयुष्यात काहीही न केलेल्या युवराजने अडकित्त्यात सुपारी धरली आणि दाबली.

खट्!

तो आवाज जिन्याच्या पोकळीतून वर गेला, खालीही गेला.

“कुनी फोडली रं?” आप्पा खालून ओरडले.

“मी!” हा आवाज आपलाच आहे, हे युवराजला क्षणभर पटेना.

मग वरून सात आणि खालून पाच माणसे मानपान विसरून जिन्याने धावत सुटली. सर्वांत आधी आत्या पोहोचल्या, धापा टाकत. त्यांनी घड्याळ पाहिले, साडेचारला अजून दोन मिनिटे होती, आणि पदर पसरला.

“अर्दी तरी आमाला फोडू द्या की!”