रांगेतली पहिली पिशवी

बाई पाच वाजून दहा मिनिटांनी बसस्थानकात पोचल्या, रांगेत पहिली पिशवी ठेवली आणि भिंतीच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. साडेपाचची बस मिळाली की सव्वासहाला कॉलनीत, साडेसहाला क्लबात आणि मग थोरल्या जाऊबाईंशी कॅरमचा अंतिम सामना. सगळं कसं चोख जमलं होतं.

सामना साधासुधा नव्हता. जाऊबाई सलग नऊ वर्षं कप घरी नेत होत्या. तो त्यांनी दिवाणखान्यात अशा जागी मांडला होता, की बाई चहाला गेल्या की घोटागणिक तो बघावा लागे. त्यात गेल्या आठवड्यात जाऊबाईंनी जाहीर केलं, "यंदा शेवटचं हं. पुढच्या वर्षीपासून मी काही खेळणार नाही." म्हणजे आज हरवलं तर हरवलं, नाहीतर जाऊबाई जन्मभर अजिंक्य. शिवाय नियमही त्यांनीच करून ठेवलेला, की साडेसहाला खेळ सुरू झाला नाही तर कप आहे तिथेच राहील.

बसस्थानकाला लागूनच सरकारी संकुल होतं. उंच भिंत, भिंतीवर तारा, तारांवर कॅमेरे. आत नेमकं काय चालतं हे आत काम करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. बाई तिथल्या आवक-जावक विभागात होत्या आणि वीस वर्षं नुसते पाकिटांवरचे पत्ते वाचत होत्या. संध्याकाळी ही सगळी मंडळी बससाठी येत. रांगेच्या जागी रणरणतं ऊन, सावली पलीकडे भिंतीपाशी. म्हणून उन्हात पिशव्या उभ्या राहत आणि सावलीत माणसं. बस आली की जो तो आपल्या पिशवीपाशी जाऊन उभा राही. वीस वर्षांत पिशवीच्या जागेवरून एकदाही भांडण झालं नव्हतं.

पण संकुलाचे सुरक्षा अधिकारी कालच रुजू झाले होते. ते फाटकाबाहेर आले आणि त्यांना दिसल्या चौदा पिशव्या. एका ओळीत, सारख्या अंतरावर, तोंडं थेट फाटकाकडे, आणि जवळ चिटपाखरू नाही. त्यांनी शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत माणसं स्थानकाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, मध्ये दोरी ताणली गेली आणि साडेपाचची बस चौकातच अडली.

"अहो साहेब, ही रांग आहे," बाई दोरीपाशी जाऊन म्हणाल्या.

"रांगेत माणसं असतात, बाई."

"माणसं सावलीत होती ना. आम्हाला काय ऊन लागत नाही?"

अधिकाऱ्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. लांब काठी मागवली आणि पहिली पिशवी अलगद आडवी पाडली. आतून एक गोल डबा घरंगळत आला, झाकण उडालं आणि पांढरीशुभ्र पावडर जमिनीवर सांडली. अधिकारी चार पावलं मागे सरले. त्यांना बघून गर्दी आठ पावलं सरली.

"ही पिशवी कोणाची?"

रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. बाईंना भरून आलं. पण भरून यायला वेळ कुठे होता? घड्याळात पावणेसहा झाले होते.

"माझी. कॅरमची पावडर आहे ती. सकाळी तुमच्याच यंत्रातून तपासून आत गेलीय."

"सकाळी पाळी माझी नव्हती. पावडर कॅरमचीच, हे कशावरून?"

"आता तुम्हाला खेळूनच दाखवू का?" बाई वैतागून बोलून गेल्या.

अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. "दाखवा," ते म्हणाले.

बसस्थानकात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत कॅरमबोर्ड होता. पावडर संपून तीन महिने झाल्यामुळे त्यावर सोंगटी मध्येच रुसून बसायची. बोर्ड बाहेर आला. डब्यात उरलेली पावडर काठीच्या टोकाला डबा लटकवून आणली गेली. बाईंनी ती बोर्डावर भुरभुरली, तळहाताने पसरली आणि स्ट्रायकर ठेवला. पहिली सोंगटी सुळकन आत गेली, तेव्हा अधिकारी दहा हात लांब होते. चौथीला ते बोर्डाला टेकून उभे होते.

"कटने घ्या," ते हळूच म्हणाले. "डावीकडची कटने जाईल."

"तुम्ही खेळता वाटतं?"

"बराकीत खेळायचो," अधिकारी लाजले. मग भानावर येऊन म्हणाले, "पावडर कॅरमचीच आहे. पण मी वर कळवून बसलोय. वरून हुकूम आल्याशिवाय दोरी सुटणार नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गं, तुझीच पिशवी का?"

थोरल्या जाऊबाई. शहराच्या त्या टोकाला त्यांची नोकरी, आणि त्या रोज याच साडेपाचच्या बसमध्ये खिडकीशी बसून येत. बाईंसाठी शेजारची जागा मात्र त्यांनी कधी धरली नव्हती. धरणं नियमात बसत नाही म्हणे. आज गंमत बघायला त्या खाली उतरल्या होत्या.

"सहा वाजून गेले बघ," जाऊबाई अतिशय दुःखाने म्हणाल्या. "आता कुठलं आपण साडेसहाला पोचतोय? जाऊ दे, कप काय, तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय."

बाईंच्या डोळ्यांपुढे कप आला, चहा आला, पुढची सगळी वर्षं आली. मग त्यांनी समोर बघितलं. बोर्ड होता. पावडर होती. जाऊबाई होत्या. त्यांनी क्लबात पंच म्हणून बसलेल्या सासऱ्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आबा, आम्ही दोघी बसस्थानकात अडकलोय. इथेच खेळलो तर चालेल का?"

"थोरली समोर आहे?"

"आहे."

"मग खेळा की. बोर्ड सगळीकडे चौकोनीच असतो. तिथे कुणी सरळ माणूस असेल तर त्याला पंच करा."

सगळ्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी टोपी नीट केली आणि बोर्डाजवळ स्टूल ओढलं. "इथल्या उजेडात मला नीट दिसायचं नाही," असं जाऊबाई म्हणाल्या, पण अडीचशे प्रवासी भोवती जमल्यावर माघार कशी घेणार? सहा वीसला खेळ सुरू झाला.

जाऊबाई झकास खेळल्या, हे कबूल करायला हवं. शेवटी दोघींची एकेक सोंगटी उरली आणि राणी मधोमध. पाळी बाईंची. त्यांनी पदर खोचला आणि कोपऱ्याचा अंदाज घेतला. राणी आत गेली. बाईंची उरलेली सोंगटी काठाला चिकटून बसली होती, आणि तीच राणीवर घालायची होती. बाईंनी डावीकडून कट घेतला आणि सोंगटी गेली.

"राणी कव्हर," पंचांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं आणि गर्दीने स्थानक डोक्यावर घेतलं. कंडक्टरांनी घंटा बडवल्या. फोनमधून आबा विचारत होते, "कोण जिंकलं? अरे, सांगा तरी." बाई मात्र खाली बसून चक्क रडत होत्या, कारण नऊ वर्षं काही थोडी नसतात.

त्या गडबडीत वरचा हुकूमही आला आणि दोरी सुटली. बस आत आली. माणसं शहाण्यासारखी आपापल्या पिशवीमागे उभी राहिली. पहिल्या बाई. जाऊबाईंची खिडकी केव्हाच कुणीतरी बळकावली होती. रांगेत त्यांची पिशवीही नव्हती, म्हणून त्या सगळ्यात शेवटी चढल्या. बस खच्चून भरली होती. दांडीला धरून त्या उभ्या राहतात न राहतात तोच पुढून हाक आली.

"वहिनी, इकडे या."

बाईंच्या शेजारच्या सीटवर पावडरचा रिकामा डबा ठेवला होता. बाईंनी तो उचलून मांडीवर घेतला. जाऊबाई बसल्या.

तीन थांबे गेल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पावडर मी आणणार."