पितळी बेडकाचा राखणदार

पस्तीस वर्षं भूपालआण्णांनी कुणाच्याही घराचा उंबरा ओलांडला नाही. दर रविवारी सकाळी साडेनऊला ते राजारामपुरीतल्या आमच्या घरी यायचे, बेल दाबायचे आणि लगेच तीन पावलं मागं सरकून पायरीखाली उभे राहायचे. मी दार उघडून म्हणायचो, "आण्णा, आत या." ते खांद्यावरची खाकी पिशवी थोपटायचे आणि म्हणायचे, "एकटा असतो तर आलो असतो, वसंता."

मग माझी बायको सुमन पोह्यांची बशी बाहेर आणून द्यायची. आण्णा पायरीवर बसून खायचे, पिशवी मांडीवर ठेवून. नवखा माणूस असला तर त्याला वाटे, पिशवीत मांजराचं पिल्लू असावं. तिच्यात पितळेचा बेडूक होता. किलोभर वजनाचा, पाठीवर सात फोड, एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. हा बेडूक भारलेला आहे, ज्या छपराखाली जाईल त्या छपराखालच्या माणसांचा घात करील, आणि त्याचा नाश करणं हे आपलं ह्या जन्मीचं काम आहे, असं आण्णांचं ठाम मत होतं. काम कुठवर आलं, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "हुतंय की! न हुयाला काय झालं?"

बेडूक आपल्या राहत्या शेडमध्ये ठेवून का येत नाही, असं सुमननं एकदा विचारलं.

"वैनी, एकटा सोडला की उडी मारतो त्यो. वसंताला इचारा. त्यानं डोळ्यानं बघितलंय."

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी पेपर उघडला.

एकदा आण्णांची दाढ दुखायला लागली. आमच्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. आण्णा जिना चढायला तयार होईनात. वर पेशंट होते, त्यांचा जीव धोक्यात घालायचा नाही. शेवटी तरुण डॉक्टर हत्यारं घेऊन खाली आला.

"आजोबा, वर खुर्ची आहे, लाईट आहे."

"लाईट हितं बी हाय. सूर्य हाय की," आण्णा म्हणाले आणि त्याच्याच स्कूटरवर बसून त्यांनी आ केला. दाढ निघाली. आण्णांनी रुमाल तोंडात धरला आणि पिशवीकडं बोट दाखवून डॉक्टरला बजावलं, "ह्याच्या समोर काढलीसा. आठवडाभर जपून ऱ्हावा."

माझ्या वैशालीच्या लग्नाला ते पहाटेपासून हजर होते, पण कार्यालयाच्या दाराबाहेर. आत माणसं आली तशी त्यांनी आण्णांच्या समोर चपला काढल्या. पांढरं धोतर, टोपी, दाराशी ताठ उभा म्हातारा, लोकांना वाटलं राखणदारच आहे. आण्णांनीही ते काम अंगावर घेतलं. अक्षता पडताना दारातूनच मूठभर टाकल्या, त्या बँडवाल्याच्या टोपीत गेल्या. पण संध्याकाळपर्यंत एकाचीही चप्पल हरवली नाही. कोल्हापुरात लग्न होऊन चप्पल न हरवणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. वैशाली नवऱ्याबरोबर पाया पडायला बाहेर आली तेव्हा त्यांनी पिशवी पाठीमागं लपवली आणि दुसऱ्या हातानं लांबूनच आशीर्वाद दिला.

उद्यमनगरातल्या जुन्या कामगारांत ह्या बेडकाची गोष्ट अजून सांगतात. नव्यांना ती रंगवून सांगतात. तिच्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे माहीत असलेला माणूस पस्तीस वर्षं एकच होता, आणि तो मी. म्हणून हे लिहितो आहे.

आण्णा आणि मी एका लहान भट्टीत कामाला होतो. पंपाचे पितळी भाग ओतायचे. आण्णा भट्टीवर, मी त्यांच्या हाताखाली. मुशीत पितळेचा रस उकळत असायचा आणि मी त्यात भंगार टाकायचो. नियम एकच, आणि तो आण्णांनी मला पहिल्या दिवशी शिकवला होता. भंगार आधी भट्टीच्या काठावर शेकायचं, खडखडीत वाळवायचं आणि मगच रसात सोडायचं. थेंबभर पाणी आत गेलं तर मूस बॉम्बसारखी फुटते.

त्या दिवशी खासबागेत कुस्त्यांचं मैदान होतं. मला लवकर निघायचं होतं. पत्रा गळून भंगाराचा ढीग भिजलेला होता. माझ्या हातात नळाची एक जुनी तोटी आली. मी ती शेकली नाही. तशीच टाकली.

आण्णांनी मला ढकललं एवढंच आठवतं. मोठा आवाज झाला, छपराचा पत्रा उडाला. मला खरचटलंसुद्धा नाही. आण्णांचा उजवा कान आणि खांदा भाजला. तो हात त्यांना आजही खांद्याच्या वर नेता येत नाही.

मालक धावत आला. "काय टाकलंस?" म्हणून माझ्यावर ओरडला. तेव्हा सुमनला सातवा महिना होता आणि मालक माणूस काढताना मागंपुढं बघत नसे. माझ्या पायाशी हा बेडूक पडला होता. तोही त्याच भंगारातला, टाकायचा राहिलेला. मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

"ह्यो. ह्याला मुशीत टाकला, आन् ह्यो उडी मारून भाईर आला."

सगळे बेडकाकडं बघायला लागले. भट्टीतून आलेला, पण अंगावर काजळीचा डाग नाही, पितळ कुठं वितळलेलं नाही. वर एक डोळा मिटून बघतोय. मालक दोन पावलं मागं सरला. माझी नोकरी वाचली.

आण्णा महिनाभरानं दवाखान्यातून सुटले ते सरळ भट्टीवर आले. बेडूक कोपऱ्यात विटेखाली झाकून ठेवला होता, त्याच्या जवळ कुणी जात नव्हतं. आण्णांनी तो उचलून पिशवीत टाकला. "मला भाजून झालंय. आता आनि कुणाला नको," म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी भावाचं घर सोडलं. घरात पोरंबाळं होती. परसात पत्र्याची शेड होती, तिथं राहायला गेले. उशिरा का होईना, लग्नाचं बघणं चालू होतं, ते त्यांनीच थांबवलं.

मग मोहीम सुरू झाली. बेडकाचा नाश करायचा, पण कुणाला इजा होता कामा नये, ही अट. ह्या अटीनं आण्णांची पस्तीस वर्षं खाल्ली. पंचगंगेत टाका, असं कुणी सुचवलं. आण्णा जैन, पाणी गाळून पिणारे. म्हणाले, "आन् माशांनी काय घोडं मारलंय?" विहिरीत टाका, तर बेडकात बेडूक मिसळून जाईल आणि ओळखू येणार नाही. रेल्वेच्या रुळावर ठेवा, तर गाडीत माणसं. रोडरोलरखाली घाला म्हटलं, तर आण्णा रोलरच्या ड्रायव्हरकडं चौकशी करून आले. "त्याला तीन पोरी हायत," एवढंच बोलले आणि तो विषय संपला.

राहिली आग. आण्णा उद्यमनगरातल्या एकूण एक भट्टीच्या दारात गेले. पण माझी गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. एका मालकानं चहा पाजला, तोही रस्त्यावर. "चहा घ्या आण्णा, पण बेडूक गेटच्या पलीकडं."

गारगोटीचा एक लोहार तयार झाला, तेव्हा आण्णांनी मला बरोबर नेलं. एसटीत ते शेवटच्या दारापाशी उभे राहिले, सीट रिकामी असून. गारगोटीत बघतो तर गोष्ट तिथंही आलेली, आणि तिथं तर बेडूक अमावास्येला ओरडतही होता. लोहारानं भाता मारून बेडूक लालबुंद केला, ऐरणीवर ठेवला आणि घण उचलला.

"थांब!" आण्णा ओरडले. "गल्ली मोकळी करा."

गल्ली मोकळी झाली. बायका पोरं घेऊन देवळामागं गेल्या.

"तू बी जा," आण्णा लोहाराला म्हणाले.

"मी गेलो तर मारनार कोन, पावणं?"

"मी."

आण्णांनी घण घेतला. कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. पुढं खांदा जाईना. तीनदा प्रयत्न केला. तोवर बेडूक पुन्हा पिवळा झाला होता. मी कोपऱ्यावर उभा राहून बघत होतो. चार पावलं पुढं जाऊन मला तो घण घेता आला असता. सगळ्या गारगोटीत मला एकट्यालाच ठाऊक होतं की काही होणार नाही. मी गेलो नाही. बेडूक ठेचला असता आणि काहीच झालं नसतं, तर आण्णांनी मला विचारलं असतं.

परतताना एसटीत आण्णा म्हणाले, "हुतंय की. खांदा जरा सुधारूंदे."

त्यांची आई गेली ते वर्ष मी विसरू शकत नाही. म्हातारी आत खाटेवर. आण्णा खिडकीबाहेर उभे राहून गजातून तिच्याशी बोलायचे. ती म्हणायची, "आत ये रं, हात तरी लावू दे." आण्णा म्हणायचे, "काम झालं की येतो, आव्वा." मी तिला बघायला गेलो होतो. खिडकीतून आण्णांनी मला विचारलं, "अंग गरम हाय का बघ जरा तिचं." मी कपाळावर हात ठेवला आणि सांगितलं. तेव्हाही बोललो नाही.

परवाच्या उन्हाळ्यात एका रविवारी आण्णा आले, पोहे खाल्ले, बशी धुऊन पायरीवर पालथी घातली आणि म्हणाले, "वैनीस्नी सांग, पुढच्या ऐतवारी पोहे करू नगा. मी गडहिंग्लजला चाललो, आमच्या रानात. हिरीवरच्या मोटारीची खोली हाय. आसपास कुनी न्हाय."

"कशाला?"

"पंचाहत्तरी झाली. हितं गल्लीत मेलो तर ह्यो कुनाच्या तरी हातात पडंल. तितं म्या एकटाच. खोलीच्या मागं खड्डा काढून ठेवतो, त्यात ह्याला पुरतो, वरनं काँक्रीट. हुतंय की."

मोटारीच्या खोलीत दिवा नसतो, माणूस नसतो. हाकेला ओ द्यायला उसाशिवाय कुणी नाही. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बसलो.

"आण्णा, त्यो बेडूक मी मुशीत टाकलाच न्हवता."

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी भट्टीवाल्यासारखं विचारलं.

"तोटी कितीची हुती?"

"पाऊण इंची."

"चालू का बंद?"

"बंद."

"मंजे पानी आतच. शेकली का न्हाईस?"

"खासबागेत मैदान हुतं."

"कोन जितलं?"

"बघायला कुठला जातोय? बरोबरीत सुटली म्हनं."

"बरोबरीत!" आण्णा एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीत आली. "निकाली तरी बघायची हुतीस!"

मला वाटलं, आता हसतील. त्यांनी पिशवी उघडली. चार फडकी सोडवून बेडूक बाहेर काढला, पायरीवर ठेवला. त्याच्या पाठीवरून डावा हात फिरवला.

"मंजे ह्याचा काय बी दोष न्हाय," ते म्हणाले. "रोज सकाळी ह्याला शिव्या घालत हुतो मी."

मग बेडूक पिशवीत घातला आणि उठले. दोन पावलं जाऊन थांबले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आव्वाच्या वक्ताला तरी सांगायचं हुतंस, वसंता."

ते गेले. पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. सुमननं पोहे केले होते, ते दुपारी आम्हीच खाल्ले. तिला मी सगळं सांगितलं होतं, त्यामुळं ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि ते बरोबर होतं. त्याच्या पुढचा रविवारही तसाच गेला. मी त्यांच्या शेडवर जाऊन आलो, कुलूप होतं. भाऊ म्हणाला, गडहिंग्लजला गेलाय. कधी येणार, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या रविवारी साडेनऊला बेल वाजली. मी दार उघडलं आणि दचकलो, कारण आण्णा एवढ्या जवळ होते की दार त्यांच्या नाकाला लागता लागता राहिलं. तीन पावलं मागं सरकले नव्हते. खांदा मोकळा होता. पिशवीच्या पट्ट्यानं सदऱ्यावर पडलेली पांढरट रेघ तेवढी दिसत होती.

"बेडूक कुठं हाय?" मी विचारलं.

"मोटारीच्या खोलीत, खिडकीत ठेवलाय. ऊन खाऊंदे जरा. लई वर्सं पिशवीत हुता बिचारा."

"एकटाच आलासा?"

"एकटाच."

मी बाजूला झालो. सुमन स्वयंपाकघरातून येऊन माझ्यामागं उभी राहिली. आण्णांनी उंबऱ्याकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं, मग दाराच्या ह्या बाजूला आणि त्या बाजूला. माझ्या मुलीच्या लग्नात साऱ्या गावाच्या चपला सांभाळणारा तो माणूस तिथं अवघडून उभा होता.

"वैनी," ते हळू आवाजात म्हणाले, "चपला कुठं काढायच्या?"