पिंपाला लागलेली दृष्ट

एका जंगलात, बरं का मुलांनो, उजेड सगळ्यांना हवा होता आणि राख कुणालाच नको होती.

उजेड एका दगडातून यायचा. दगड संपला की त्याची राख उरायची. ती साधीसुधी राख नव्हे हं! पणजोबानं जमवलेली राख पणतूलाही भाजायची. नुसतं जवळ गेलं तरी हत्तीसारखा प्राणी आजारी पडायचा. म्हणून वाघमहाराजांनी स्टेनलेस स्टीलचं एक भलंमोठं पिंप करवून घेतलं. त्यात राख भरली आणि झाकण वेल्डिंग करून टाकलं.

"याला कधी गंज चढायचा नाही!" महाराज म्हणाले. टाळ्या पडल्या.

पिंप असं चकचकीत, की माकडं त्यात बघून भांग पाडायची. आता इतकं देखणं काही असलं की त्याला दृष्ट लागणारच, नाही का? म्हणून दर अमावास्येला त्याची दृष्ट काढायचं ठरलं. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. पण विस्तव कशाला हवा? पिंपच की गरम! सगळे त्याच्यावरच टाकायचे. मोहऱ्या तडतडल्या की जंगल निर्धास्त व्हायचं.

सगळ्यांत जास्त मीठ टाकायची इठाबाई घोरपड. तिचं बीळ अगदी पिंपाच्या पायथ्याशी, आणि बिळात तिची अंडी. तिचा सगळा जीव त्या अंड्यांत.

एका सकाळी तिला झाकणाच्या जोडापाशी केसाएवढी भेग दिसली. ती धावत जनुभाऊ अस्वलाकडे गेली. पिंप त्यांनीच घडवलं होतं.

"मीठ, दुसरं काय!" जनुभाऊ मध चाटत म्हणाले. "वेल्डिंगनंतर जोडापाशी पत्रा ताणलेलाच राहतो. त्यावर मीठ बसलं, हवेतली ओल लागली, की चीर पडते. वरून गंज दिसत नाही, पण ती आत आत जात राहते."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"दृष्ट काढू नका म्हणून महाराजांना कोण सांगणार, बाई? आणि तिथं माझं नाव घेऊ नका हं."

इठाबाईला रडूच फुटलं. मुठी भरभरून मीठ तर तिनंच टाकलं होतं! तिनं आधी एकेक करून अंडी टेकडीपलीकडे नेली. मग दरबारात जाऊन सगळं सांगितलं.

महाराजांनी समिती नेमली. समितीनं पिंपावर गंज शोधला. गंज कुठंच नव्हता. भेग मात्र आता बोटभर झाली होती.

"गंज नाही, म्हणजे पिंपात दोष नाही," समितीचा अध्यक्ष तरस म्हणाला. "ही दृष्टच, महाराज."

"पण पिंपाकडे इतकं रोखून बघितलं कुणी?" महाराजांनी विचारलं.

सगळ्या माना इठाबाईकडे वळल्या.

तिला हद्दपारीची शिक्षा झाली. टेकडीच्या अलीकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही!

"महाराज, तुम्हीही चला हो," इठाबाई कळवळून म्हणाली. "निदान मीठ तरी थांबवा."

दरबार खो खो हसला. आणि महाराजांनी फर्मान काढलं, की भेग मोठी आहे, तेव्हा यापुढे मीठ पोत्यानं ओतावं.

तात्पर्य : भेग पडते ती बघणाऱ्यामुळे. म्हणून मुलांनो, कुठे भेग दिसलीच, तर आधी अंडी हलवावीत आणि मगच खरं बोलावं.