शिळ्या भाताचा खुलासा

एकतीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. रोजचं पान वेळेत सोडलं. त्या काळात माझ्या हातून एकही चूक छापली गेली नाही. ज्या छापल्या गेल्या त्या दुसऱ्यांच्या होत्या. तेव्हा सहा आठवडे रोज वाटीभर थंड भात खाणं हे काम मला जड जाण्याचं काही कारण नव्हतं. एकच गोष्ट लक्षात घ्यायची राहिली. घरात आणखी माणसं होती.

भात कशासाठी, ते आधी सांगतो. माझ्या मोठ्या आतड्याला अकरा वर्षं सूज आहे. ती बरी होत नाही. शांत होते किंवा चिडते. चिडली की मी संडासापासून दहा पावलांपलीकडे जात नाही. बेंगळुरूत आमच्या बनशंकरी भागातली हॉटेलं लोक डोशावरून ओळखतात, मी मागच्या दारावरून. यंदा माझी भाची वेदिका हिचं लग्न निपाणीला ठरलं. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि वेदिकेला मामा एकच. मुहूर्ताला सात आठवडे होते. बेंगळुरूहून निपाणी दहा तासांचा रस्ता, आणि पोचल्यावर मंगलाष्टकं. आमच्याकडे ती म्हणायला निदान सहा जण माइकपाशी रांग लावतात आणि प्रत्येकाची स्वतः रचलेली असतात.

डॉक्टरांनी औषधं चालू ठेवून मला जे. पी. नगरच्या आहारतज्ज्ञ रंजिता यांच्याकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, भात शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की त्यातला काही स्टार्च हट्टी होतो. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. तो लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले उपयोगी जंतू त्याच्यावर जगतात. म्हणजे भात माझ्यासाठी नव्हताच. मी फक्त पोचवणारा. सध्या सूज शांत आहे तोवर थोड्यापासून सुरुवात करा, म्हणाल्या, आणि एक छापील कागद दिला.

घरी येऊन मी तो फ्रीजच्या दारावर लावला. खाली गॅसवाल्याचा नंबर झाकला जात होता, म्हणून कात्रीनं कागदाची खालची चार बोटं कापली. डेस्कवरचा पहिला नियमच आहे: मजकूर जास्त झाला तर शेपटाकडून कापा, महत्त्वाचं सगळं वर असतं. कापलेली पट्टी माझ्या बायकोनं, नयनानं, उचलून ठेवली. मागची बाजू कोरी असलेला कागद ती टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फ्रीज उघडला तर रात्री ठेवलेला भाताचा डबा नाही. तो ओट्यावर घासून पालथा घातलेला. चंपा आमच्याकडे बारा वर्षं स्वयंपाक करते, मूळची अथणीची. विचारल्यावर तिनं सांगितलं की भात देवळापाशी गाईला घातला.

"अण्णा, आजारी माणसाला शिळं वाढायचं? ते पाप माझ्या डोक्यावर नको."

मी तिला आतडं, स्टार्च, जंतू असं क्रमानं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोटात जंतू झालेत," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना जेवायला घालताय?"

संध्याकाळी नयनापाशी तिनं माझ्यासाठी जंताच्या औषधाची चौकशी केली.

मी चिडलो. मी ओरडत नाही; लेखी चिडतो. डब्यावर चिठ्ठी लावली: "शिजवला सोमवारी स. ९. खाणार मंगळवारी स. ९. मधल्या काळात हात लावू नये." मंगळवारी हात लागला. नयनानं भाताचं चित्रान्न केलं होतं: मोहरी, शेंगदाणे, लिंबू, वर वाफ. बुधवारी पुन्हा. गुरुवारी त्यात किसलेला आवळा होता. बेंगळुरूत तीस वर्षं काढलेल्या बाईला उरलेला भात दिसला की तिचा हात आपोआप कढईकडे जातो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"कागदावर काय लिहिलंय ते वाच," मी म्हटलं. "गार केलेला भात."

"गार केलेलाच होता. रात्रभर. मग मी फोडणी दिली."

"फोडणी दिली की स्टार्च गेला."

"कुठं गेला? ताटातच आहे की. अहो, तुम्हाला भात खायचाय की फ्रीज?"

त्यानंतर मी डब्याला खाकी चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर सही केली. इथून प्रकरण घराबाहेर गेलं.

चंपा आमच्या इमारतीत पाच घरी स्वयंपाक करते. नयनाक्का अण्णांना शिळा भात घालतात आणि अण्णा तोही कुणी नेऊ नये म्हणून सील करून ठेवतात, एवढं तिनं उरलेल्या चार घरी सांगितलं. वाक्य शब्दशः खरं होतं. अशीच वाक्यं सर्वांत घातक असतात. तळमजल्यावरचे आप्पाजी, वय ब्याऐंशी, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, जिना चढून वर आले. माझ्याकडे न बघता नयनाला म्हणाले, "नयनाक्का, स्वल्प विचार करा. माणूस आजारी आहे. चार घास ऊन वाढायला किती वेळ लागतो?"

दुसऱ्या दिवसापासून स्टीलचे डबे यायला लागले. वाफाळता बिसिबेळे भात, ऊन ऊन पोंगल, रस्सम. आणणाऱ्या बायका डबा माझ्या हातात देत आणि नयनाकडे बघत. चौथ्या दिवशी निपाणीहून माझ्या बहिणीचा, वेदिकेच्या आईचा, अहल्येचा फोन आला. तिनं आवाज खाली घेऊन विचारलं, "दादा, वहिनी जवळ आहे का? नसेल तर खरं सांग."

नयना जवळच होती. तिनं फोन संपेपर्यंत वाट पाहिली.

"अकरा वर्षं तुमचं पथ्य सांभाळलं. आज मी शिळं वाढणारी ठरले. हे आता तुम्हीच निस्तरायचं."

बातमी चुकली तर खुलासा द्यायचा, एवढं मला येतं. मी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे चाळीस शब्दांचा खुलासा टाकला. "तिसऱ्या मजल्यावरील श्री. उमाकांत यांना शिळा भात मिळतो, ही बातमी खरी आहे. तिच्यामागचे कारण चुकीचे आहे." पुढे आजाराचं नाव, स्टार्चचं काम, आणि अचूकपणासाठी पूर्वी मला दिवसातून किती वेळा जावं लागे आणि आता किती वेळा, तेही आकड्यांत.

खुलासा कुणी वाचत नाही असा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. हा सगळ्यांनी वाचला. लिफ्टमध्ये लोक "नमस्कार" ऐवजी "आज किती?" विचारू लागले. आप्पाजी तर आकडा ऐकून कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत मान डोलवत. पंधरवड्यात आणखी तीन घरांत भाताचे डबे फ्रीजमध्ये गेले. मग चंपा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सगळीकडं उद्याचा भात आज करा म्हणतात. मग आजचं आज काय करू? हे तुमच्या जंतूंमुळं." त्या आठवड्यात ती दोनदा आली नाही. घरात मी, नयना आणि सीलबंद डबा असे तिघं एकमेकांशी न बोलता राहिलो. डिसेंबरची थंडी, दातांत कळ, आणि मी रोज सकाळी नऊला वाटी संपवत होतो. संतापानं, पण वेळेवर.

सहाव्या आठवड्यात रंजितांनी माझं टिपण पाहिलं. प्रकृती चांगली होती. त्यातलं किती भातामुळे आणि किती औषधांमुळे हे सांगता येणार नाही, म्हणाल्या. पण प्रवास करा. मी समाधानानं बायकोची तक्रार मांडली: सुरुवातीचे तीन दिवस तिनं भात गरम करून वाया घालवले.

"वाया कशाला? नीट गरम केला तरी तो स्टार्च बराचसा टिकतो," त्या म्हणाल्या. "कागदावर शेवटी लिहिलंय ना."

मी म्हटलं, हो, लिहिलं असेल.

घरी येऊन मी नयनाला एवढंच सांगितलं की प्रवासाला परवानगी आहे.

लग्न वेळेवर लागलं. माइकपाशी सात जण होते. मी वेदिकेच्या मागे पहिल्या अक्षतेपासून शेवटच्या अक्षतेपर्यंत उभा होतो, आणि सातव्या कवीलाही मी मनापासून क्षमा केली. वेदिकेनं एकदा मागे वळून पाहिलं, मी आहे ना म्हणून. शेजारी नयना मुहूर्ताची वेळ पुन्हा तपासत होती. ती तिनं कागदाच्या एका पट्टीवर लिहून आणली होती. पट्टी चार बोटं रुंद. माझ्याकडे छापील बाजू होती: "असा भात पुन्हा चांगला गरम करून खाण्यास हरकत नाही."

"ही कधी वाचलीस?" मी हळूच विचारलं.

"उचलली तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुम्ही सही करत होतात."

पंगत बसली. मसालेभात, वर तुपाची धार, वाफ नाकात शिरत होती. मी हात पुढे केला, तेवढ्यात अहल्या स्वतः वाढायला आली. तिच्या हातात झाकलेली चांदीची वाटी होती. माझा खुलासा निपाणीपर्यंत पोचला होता.

"दादा, कालच शिजवून फ्रीजमध्ये ठेवला होता," ती म्हणाली. "कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

अख्खी पंगत कौतुकानं बघत होती. नयना सगळ्यांत जास्त.

मी तो गार भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. या वेळी खुलासा दिला नाही.